विश्लेषण : ग्रामीण प्राथमिक शाळांना शैक्षणिक साहित्य अपुरे का पडते?

पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे वर्ग, साठच्या आत पट आणि दोन शिक्षक, हे आता देशातील ग्रामीण शासकीय प्राथमिक शाळेचे सर्वसाधारण चित्र झाले आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत समाविष्ट झालेल्या शासकीय प्राथमिक शाळांपैकी ५२.१ टक्के शाळांचा पट साठहून कमी आढळला. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ४४ टक्के होते. अशा शाळांत पहिली-दुसरीची मुले बहुधा वरच्या वर्गांतील मुलांसोबत एकाच खोलीत बसतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ माहितीनुसार २०२४-२५ मध्ये देशात १ लाख ४ हजार १२५ शाळा एकशिक्षकी होत्या आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक विद्यार्थी शिकत होते.

शैक्षणिक साहित्याच्या टंचाईचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास ठरवून दिले आहेत. दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून यांपैकी फार तर ४०० तास एका वर्गाच्या वाट्याला येतात. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत असेल, तर हा वाटा २०० तासांवर येतो. उरलेल्या वेळात मुले वर्गात असतात, पण शिक्षक दुसऱ्या वर्गाला शिकवत असतो. या वेळात मुलांनी काय करायचे? बहुतेक ठिकाणी ती फळ्यावरचे उतरवून काढतात, पाढे म्हणतात किंवा गप्प बसतात. त्यांच्या हाताशी मणी, काड्यांचे गठ्ठे, शब्दपट्ट्या, चित्रकार्डे किंवा वयाला साजेशी गोष्टींची पुस्तके असतील, तर मात्र हाच वेळ शिकण्याचा होऊ शकतो. चार वर्गांना चार शिक्षक असलेल्या शाळेत साहित्य अध्यापनाला पूरक ठरते. दोन शिक्षकांच्या शाळेत ते अध्यापनाचाच एक भाग असते. त्यामुळे साहित्याची उणीव सर्वाधिक जाणवते ती लहान शाळेला. साहित्यासाठी पैसा देण्याची प्रचलित पद्धत मात्र नेमकी याच्या उलट दिशेने चालते.

‘शैक्षणिक साहित्य’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. नकाशा, पृथ्वीगोल, मुळाक्षरांचा तक्ता किंवा भिंतीवरील पडदा हे शिक्षकाने दाखवण्याचे साहित्य आहे. शिक्षक समोर नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित असतो. दुसऱ्या प्रकारचे साहित्य मुलांच्या हातात द्यायचे असते. मुले ते हाताळतात, जुळवतात, मोडतात, पुन्हा मांडतात आणि आपले चुकले हे त्यांना त्या साहित्यावरूनच कळते. शाळांना पुरवठा होतो तो प्रामुख्याने पहिल्या प्रकारचा; बहुवर्ग अध्यापनाची गरज असते ती दुसऱ्या प्रकारची.

हातात घ्यायच्या साहित्याचे महत्त्व मराठी मुलांच्या एका नेहमीच्या अडचणीवरून लक्षात येईल. ‘पंचवीस’ म्हणताना कानावर आधी पाच येतात आणि नंतर वीस. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच लिहायचे असतात. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. हिंदी, गुजराती व अन्य उत्तर भारतीय भाषांतही हीच अडचण आहे. कन्नड, तेलुगू किंवा तमिळमध्ये दशक आधी येत असल्याने ती एवढी जाणवत नाही. ‘बालभारती’ने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा संख्यावाचनाचा समावेश केला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित विषय समितीच्या तत्कालीन अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचणच त्यामागचे कारण असल्याचे सांगितले होते. संख्यावाचनाची पद्धत कोणतीही असो, दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडल्या की २५ म्हणजे काय हे मुलाला दिसते. मात्र प्रत्येक मुलाने ती मांडणी स्वतः आणि अनेकदा करायला हवी. गठ्ठ्यांचा एकच संच शिक्षकाच्या टेबलावर ठेवून हे साधत नाही.

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर १९८७ मध्ये सुरू झालेल्या आणि महाराष्ट्रात ‘खडू-फळा मोहीम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या केंद्रीय योजनेत तीन गोष्टींची हमी होती : सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य. नकाशे, तक्ते, खेळणी आणि छोटे ग्रंथालय यांचा साहित्यात अंतर्भाव होता. प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान काय असावे, हे देशपातळीवर ठरवून ते पोहोचवण्याचा हा मोठा प्रयत्न होता. त्यातून असंख्य शाळांना पहिला पृथ्वीगोल मिळाला. खरेदी वरून झाली आणि साहित्य पेट्यांमधून आले. त्याचा वापर कसा करायचा याचे प्रशिक्षण मात्र पेट्यांइतके सर्वदूर पोहोचले नाही.

पुढे ही दिशा बदलली. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणि त्यानंतरच्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्य तयार करण्यासाठी किंवा घेण्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम लहान होती. तरीही ती शिक्षकाच्या नावे आणि साहित्यासाठीच असल्याने तिचा काहीएक उपयोग होत होता. पुठ्ठा, कार्डशीट, रंग, डिंक, मणी, दोरा एवढी खरेदी तीतून होई. पुढे हे स्वतंत्र अनुदान राहिले नाही. २०१० मध्ये लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक वर्गाला अध्ययन-अध्यापन साहित्य ‘आवश्यकतेनुसार’ पुरवले जाईल, अशी तरतूद आहे. त्याच अनुसूचीत शिक्षकांची संख्या पटानुसार नेमकी सांगितली आहे. साहित्याची आवश्यकता कोणी व कशाच्या आधारे ठरवायची, हे मात्र तेथे सांगितलेले नाही. वर्गखोली नसेल किंवा शिक्षक कमी असतील तर कायद्यावर बोट ठेवता येते. मण्यांच्या माळा नाहीत म्हणून कोणाकडे दाद मागायची, हे पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला ठाऊक नसते.

सध्या शाळांना मिळणारा मुख्य निधी म्हणजे २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान. ते पटसंख्येवर ठरते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार, २५१ ते १००० पटाला ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख रुपये, अशी त्याची रचना आहे. दरडोई हिशेब केला तर लहान शाळेवर अन्याय झाल्याचे दिसत नाही. २५ मुलांच्या शाळेत एका मुलामागे ४०० रुपये येतात, तर ३०० मुलांच्या शाळेत २५०. परंतु साहित्य लागते ते इयत्तेनुसार. पहिलीत सहा मुले असोत वा साठ, पहिलीची अंककार्डे लागतातच, आणि भारताचा नकाशा सहा मुलांसाठी स्वस्त मिळत नाही. चार इयत्तांच्या २५ मुलांच्या शाळेत एका इयत्तेच्या वाट्याला २,५०० रुपये येतात. आठ इयत्तांच्या ३०० मुलांच्या शाळेत हाच वाटा ९,३७५ रुपयांचा असतो.

तेही हे सारे पैसे साहित्यासाठी असतात असे गृहीत धरले तर. प्रत्यक्षात याच अनुदानातून वीजबिल, पाणी, खडू, नोंदवह्या, इंटरनेट, क्रीडासाहित्य, नादुरुस्त वस्तूंची बदली आणि इमारत व स्वच्छतागृहांची किरकोळ दुरुस्ती करायची असते. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखावी लागते. दहा हजार रुपये म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. पावसाळ्यात कौले फुटली किंवा नळाची तोटी गेली, तर आधी पैसे कशावर खर्च होणार याविषयी कोणत्याही मुख्याध्यापकाला पर्याय नसतो. गळके छत थांबवावेच लागते. शब्दपट्ट्या पुढच्या वर्षीही करता येतात, आणि पुढच्या वर्षीही तेच घडते. शिवाय ३१ मुलांच्या शाळेतून एक कुटुंब रोजगारासाठी स्थलांतरित झाले आणि पट ३० वर आला, तर अनुदान २५ हजारांवरून १० हजारांवर येते. ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा मिठागरांसाठी ज्या भागांतून दरवर्षी स्थलांतर होते, तेथे हा धोका कागदावरचा नाही.

ग्रंथालय आणि क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला प्रत्येकी पाच हजार रुपयांपर्यंत स्वतंत्र तरतूद आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठी प्रत्येक बालकामागे वर्षाला कमाल ५०० रुपयांपर्यंत साहित्य आणि प्रत्येक शिक्षकासाठी १५० रुपयांपर्यंत संदर्भ साहित्य मान्य केले. तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डे आणि गोष्टींची पुस्तके असलेली ‘जादुई पिटारा’ ही पेटी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. याचा परिणाम दिसत आहे. ‘असर’ २०२४ नुसार पाहणीतील तीन-चतुर्थांशाहून अधिक शाळांना पायाभूत शिक्षणासाठी साहित्य किंवा त्यासाठीचा निधी मिळाला होता. पाठ्यपुस्तकांव्यतिरिक्त अन्य पुस्तके मुले वापरत असल्याचे ज्या शाळांत आढळले, त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.९ टक्क्यांवरून ५१.३ टक्क्यांवर गेले. सुधारणा खरी आहे. मात्र जवळपास निम्म्या शाळांत भेटीच्या दिवशी एकही मूल अवांतर पुस्तक हाताळताना दिसले नाही, हाही त्याच आकड्याचा अर्थ आहे. पुस्तके शाळेत असणे आणि ती मुलांच्या हातात असणे यांत मोठे अंतर आहे.

हे अंतर का पडते, याचे एक कारण शाळेच्या दप्तरात सापडते. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवावी लागते. ती हरवली किंवा मोडली तर लेखापरीक्षणात मुख्याध्यापकाने उत्तर द्यायचे असते. मोडक्या वस्तूंच्या निर्लेखनासाठी प्रस्ताव, मंजुरी आणि पंचनामा यांची वाट पाहावी लागते. त्यामुळे नवी गणितपेटी आली की ती कपाटात जाते आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघते. याला शिक्षकांची उदासीनता म्हणण्याची पद्धत आहे, परंतु ज्या व्यवस्थेत वापरून झिजलेल्या वस्तूचा जाब विचारला जातो आणि न वापरलेल्या वस्तूचा विचारला जात नाही, तिच्यात शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावेल. पहिलीच्या मुलांच्या हातात दिलेली कार्डे एका वर्षात फाटायलाच हवीत. ती कोरी राहिली असतील, तर चौकशी त्याची व्हावी.

दुसरे कारण वेळेचे. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू होतात, अन्य अनेक राज्यांत एप्रिलमध्ये. अनुदान मात्र अनेकदा आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात हाती येते आणि मार्चअखेर त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. जानेवारी-फेब्रुवारीत आलेल्या पैशातून घाईने जे मिळेल ते घेतले जाते, आणि बाजारात सर्वांत सहज मिळतात ते छापील तक्ते. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा निधी एकल नोडल खात्यातून मर्यादेच्या स्वरूपात वितरित होऊ लागला. त्यामुळे पैसा कोठे आहे हे वरिष्ठांना कळू लागले. मर्यादा कधी खुली होईल हे मात्र शाळेच्या हाती राहिलेले नाही. तालुक्याच्या ठिकाणचा दुकानदार उधारीवर देईल का, यावर साहित्याची खरेदी ठरते.

केवळ साहित्य पुरवल्याने शिकणे सुधारते का, हा प्रश्नही टाळता येण्यासारखा नाही. या संदर्भात केनियातील एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. पश्चिम केनियातील १७८ प्राथमिक शाळांपैकी ८९ शाळांना विज्ञान, गणित, भूगोल आदी विषयांचे, पाने उलटत दाखवायचे मोठे तक्ते देण्यात आले. पॉल ग्लेवी, मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, या तक्त्यांमुळे मुलांच्या गुणांत काहीही फरक पडला नाही. त्याआधी ज्या शाळांकडे असे तक्ते होते त्यांची इतरांशी साधी तुलना केली असता, तक्ते फार उपयुक्त असल्याचे भासत होते. मुळात बऱ्या स्थितीतील शाळांकडेच ते होते, हे त्याचे कारण. क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

या अभ्यासावरून साहित्यावरील खर्च व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तक्ते हे दाखवण्याचे साहित्य होते, आणि अध्यापनाची पद्धत न बदलता ते वर्गात आले होते. अध्यापनाची रचना, शिक्षकाचे मार्गदर्शन आणि मुलांच्या हातातील साहित्य हे तिन्ही एकत्र आले तर काय होते, याचे सर्वांत दीर्घ उदाहरण भारतातच आहे.

आंध्र प्रदेशातील मदनपल्लेजवळच्या ऋषी व्हॅली संस्थेने आसपासच्या वस्त्यांवर एकशिक्षकी शाळा सुरू केल्या. या शाळांसाठी वाय. ए. पद्मनाभ राव आणि ए. रामा राव यांनी अभ्यासक्रमाचे तुकडे करून शेकडो कार्डे तयार केली. प्रत्येक कार्डावर प्राणी, पक्षी, वाहन असे एखादे छोटे चिन्ह असते. भिंतीवर ‘शिडी’ असते. मूल शिडीवर आपली पायरी पाहते, मांडणीतून त्या चिन्हाचे कार्ड काढते आणि कामाला बसते. कोणते कार्ड शिक्षकासोबत करायचे, कोणते मित्रांसोबत आणि कोणते एकट्याने, हेही ठरलेले असते. एका वेळी शिक्षकाला गरज असलेली मुले मोजकीच असल्याने एक शिक्षक अनेक इयत्ता सांभाळू शकतो. ‘पेटीतील शाळा’ या नावाने ही पद्धत ओळखली गेली. मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील शिक्षकांनी १९९५ मध्ये ती पाहिली आणि त्यातून कर्नाटकची ‘नली-कली’ पद्धत आकाराला आली. तमिळनाडूने २००३ मध्ये चेन्नई महापालिकेच्या शाळांपासून सुरुवात करून २००७ पासून ती राज्यभर नेली.

या विस्तारातही मर्यादा दिसून आल्या. एका संस्थेच्या देखरेखीखालील डझनभर शाळांतील कार्डे आणि हजारो शाळांतील कार्डे यांत फरक पडतो. कार्डे हरवतात, ओलीने खराब होतात, अभ्यासक्रम बदलला की बाद होतात. पूर्ण संचातील दहा कार्डे गेली तरी शिडी मध्येच तुटते. नव्या संचांचा खर्च दरवर्षी करावा लागतो, आणि पहिल्या वर्षाच्या उद्घाटनाला मिळणारे महत्त्व पाचव्या वर्षाच्या पुनर्मुद्रणाला मिळत नाही. तमिळनाडूने पुढे या पद्धतीत फेरबदल केले आणि २०२२ पासून पहिली ते तिसरीसाठी ‘एण्णुम एळुत्तुम’ हा नवा कार्यक्रम आणला. कर्नाटकात नली-कली सुरू आहे.

महाराष्ट्रात याहून जुना एक धागा आहे. माँटेसरी पद्धतीचे मूळ साहित्य सुबक, मापाबरहुकूम आणि महाग असते. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा हे साहित्य परवडणारे नव्हते आणि त्या मुलांच्या परिचयाचेही नव्हते. त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती आणि बांबू यांतून साहित्य उभे केले. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. स्थानिक वस्तू वापराव्यात हे आता प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. मात्र कोसबाडला साहित्य स्वस्त पडले ते वस्तू फुकट मिळाल्या एवढ्यामुळेच नव्हे. त्यांपासून काय शिकवायचे याचा विचार करणारी माणसे तेथे पूर्णवेळ होती. पाच नोंदवह्या, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेला ‘टाकाऊतून टिकाऊ’ करा असे सांगताना तिचा रविवार आणि तिच्या पर्समधले पैसे आपण गृहीत धरतो, हे सांगणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांच्या जमिनींवर रंगवलेले अंक, अक्षरे आणि खेळ पाहून २०१५ नंतर राज्यभर फरश्या रंगल्या. ज्या ठिकाणी मुले खरोखर त्या आखणीवर बसून काम करतात, तेथे ते स्वस्त आणि न हरवणारे साहित्य ठरले. इतरत्र ती सजावट झाली. दाराखाली कोनमापक रंगवून दार उघडताना कोन दाखवणे, पायऱ्यांवर अंक लिहिणे अशा ‘बाला’ संकल्पनेतील कल्पनांचेही असेच झाले.

डिजिटल साधनांनी ही उणीव भरून निघेल, अशी आशा गेले दशकभर व्यक्त होत आहे. महाराष्ट्रात अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून पडदे आणि संगणक आणले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील क्यूआर कोडच्या प्रयोगामुळे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरील ध्वनिचित्रफिती आता पाठ्यपुस्तकांतील कोडद्वारे उघडतात. ‘यूडायस प्लस’ २०२४-२५ नुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय आहे. हा आकडा सर्व स्तरांतील शासकीय व खासगी शाळांचा एकत्रित असल्याने वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेची स्थिती त्यातून कळत नाही. शिवाय वीजबिल थकले की पडदा बंद पडतो, आणि ते बिल त्याच दहा हजारांतून भरायचे असते. मूळ प्रश्नाच्या दृष्टीने पडदा हेही दाखवण्याचेच साहित्य आहे. एका खोलीत दोन इयत्ता असताना पडद्यावर एकीचाच पाठ लागतो आणि दुसरीचे लक्षही तिकडेच जाते.

भाषेचा मुद्दा बहुधा या चर्चेत शेवटी येतो, वस्तुतः तो आधी यायला हवा. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी-माडिया किंवा नंदुरबारमधील भिली-पावरी बोलणाऱ्या मुलाला कार्ड एकट्याने वापरायचे असेल, तर त्यावरचा शब्द त्याला कळला पाहिजे. अन्यथा समजावून सांगायला पुन्हा शिक्षक लागतो आणि कार्ड असून नसल्यासारखेच. ओडिशाने बहुभाषिक शिक्षण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने २१ आदिवासी भाषांत सुरुवातीच्या वर्गांचे साहित्य तयार केले. राज्यस्तरावर एका भाषेत, एका निविदेतून लाखो प्रती छापणे प्रशासनाला सोपे जाते. दोन तालुक्यांपुरती पाचशे कार्डे छापण्यासाठी त्या व्यवस्थेत जागा नसते. ती जागा गटसाधन केंद्रांना निधी आणि छपाईचे अधिकार देऊन निर्माण करता येईल.

लहान शाळांना पुरेशी साधने देणे परवडत नाही, असा युक्तिवाद आता समायोजनाच्या बाजूने केला जातो. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा तोरणमाळ आणि पानशेतचे उदाहरण देण्यात आले होते. ग्रंथालय, खेळ आणि अन्य सुविधा मोठ्या शाळेत एकत्र देता येतात, ही त्यामागची भूमिका. सहा वर्षांच्या मुलीला दोन डोंगरसोंडा ओलांडून शाळेत पाठवायचे की नाही, हा निर्णय मात्र पालक घेतात आणि तो अनेकदा नकारार्थी असतो. मूल शाळेपर्यंत नेण्यापेक्षा पेटी मुलापर्यंत नेणे सोपे आहे. प्रत्येक केंद्राखाली दहा-पंधरा शाळा असतात. पृथ्वीगोल, सूक्ष्मदर्शक, नकाशे, गोष्टींच्या पुस्तकांचे संच यांसारख्या रोज न लागणाऱ्या वस्तूंची फिरती पेटी केंद्रशाळेतून महिन्याला एका शाळेकडून दुसरीकडे जाऊ शकते. काही शिक्षकांनी आपसांत असे केलेही आहे. रोज लागणारे साहित्य, म्हणजे काड्या, मणी, अंककार्डे, शब्दपट्ट्या, वाचनपुस्तिका, प्रत्येक इयत्तेला स्वतःचेच हवे आणि ते झिजणार हे गृहीत धरून दरवर्षी भरून द्यायला हवे. अशा वस्तू जडवस्तू नोंदवहीऐवजी खडूप्रमाणे उपभोग्य वस्तूंत धरल्या, तर कपाटाचे कुलूप काढायला वेगळ्या आदेशाची गरज राहणार नाही.

समग्र शिक्षा योजनेला मिळालेली मान्यता २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांची होती, आणि ‘निपुण भारत’चे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे आहे. पुढील टप्प्यातील अनुदानाचे निकष ठरवताना पट ३१ वरून ३० वर येताच १५ हजार रुपयांनी घटणारी रचना तशीच ठेवायची की इयत्ता हे एकक धरून प्रत्येक शाळेला साहित्याची वेगळी किमान रक्कम द्यायची, हे केंद्र व राज्यांना ठरवावे लागेल.